पिशवी काढायची आणि पिशवी लावायची: मूत्राशयाच्या ऑपरेशनचे ९० दिवस

मराठीत ‘पिशवी’ हा शब्द फार कामाचा आणि तितकाच घोटाळ्याचा. बाईची पिशवी काढली म्हणजे गर्भाशय काढलं, लघवीची पिशवी म्हणजे मूत्राशय, आणि ऑपरेशननंतर पोटावर चिकटवतात तीही पिशवीच. बडोद्यात युरोलॉजीच्या वॉर्डात काम करताना हा घोटाळा रोजचा. दांडिया बाजार नाहीतर रावपुऱ्यातलं एखादं जुनं मराठी कुटुंब समोर बसलेलं असतं, मूत्राशयाचा कर्करोग निघालेला असतो, डॉक्टर सांगतात, ‘पिशवी काढून पिशवी लावावी लागेल’, आणि अर्ध्या घराची समजूत होते की खराब झालेली काढून आत नवी बसवणार, गुडघा बसवतात तशी. ही समजूत डिस्चार्जच्या दिवशी फुटली तर फार वाईट. म्हणून इथे आतलं ते मूत्राशय आणि पोटावरची ती पिशवी, एवढं पक्कं धरू.

घोटाळा निस्तरला की दुसरा प्रश्न ठरलेला: रोबोटने करायचं की पोट उघडून? बडोद्यातले लोक यासाठी नडियादला चौकशी करतात, अहमदाबादला दुसरं मत घेतात, मुंबई-पुण्यातल्या नातेवाइकांना फोन लावतात. प्रश्न रास्त आहे. पण ज्या दिवसांची घरच्यांना धास्ती असते, ते आतडं जागं होण्याचे दिवस चिरेच्या लांबीवर फारसे ठरत नाहीत. ते का, हे कळायला ऑपरेशनमध्ये नेमकं काय होतं ते पाहावं लागेल.

कर्करोग मूत्राशयाच्या स्नायूच्या थरात शिरला की बहुतेकांना मूत्राशय काढावं लागतं. निवडक रुग्णांत केमो आणि रेडिएशन देऊन ते वाचवतात, तो वेगळा विषय. पुरुषांत मूत्राशयाबरोबर प्रोस्टेट आणि वीर्यकोश जातात, बायकांत बहुधा गर्भाशय आणि योनीच्या पुढच्या भिंतीचा थोडा भाग. दोन्ही बाजूंच्या लसिकाग्रंथी काढतात. इथवर अर्धं काम. मग लहान आतड्याच्या शेवटाकडचा १५ ते २० सेंटिमीटरचा तुकडा रक्तपुरवठ्यासकट वेगळा करतात, उरलेलं आतडं पुन्हा जोडतात, दोन्ही मूत्रनलिका त्या तुकड्यात शिवतात आणि त्याचं एक तोंड पोटावर आणतात. हा आयलियल कॉन्ड्यूट, आणि पोटावरचं तोंड म्हणजे स्टोमा. १९५० साली ब्रिकर यांनी ही पद्धत मांडली आणि आजही सर्वांत जास्त वापरात तीच आहे. दुसरा मार्ग निओब्लॅडरचा: ५० ते ६० सेंटिमीटर आतडं उघडून, गोल शिवून त्याचं नवं मूत्राशय करतात आणि ते मूळच्या मूत्रमार्गाला जोडतात. मूत्राशय काढण्याचा भाग रक्तस्रावाचा आणि कष्टाचा खरा. पण माणसाला सावरायला वेळ लावतो तो पुढचा, बांधण्याचा भाग, कारण त्यात आतडं कापलेलं असतं.

आता तुलना. पोट उघडून करतात तेव्हा बेंबीपासून खाली जांघेच्या हाडापर्यंत सरळ चीर असते, कधी बेंबीच्या थोडी वर जाते. रोबोटमध्ये साधारण आठ मिलिमीटरची पाच-सहा छिद्रं असतात आणि काढलेला भाग बाहेर आणायला एक छोटी चीर. बायकांत तो भाग योनीमार्गानेही काढता येतो. रोबोट आपल्या मनाने काही करत नाही. सर्जन बाजूच्या कन्सोलवर बसून हात हलवतात, त्याप्रमाणे अवजारं हलतात. हे सांगावं लागतं, कारण ‘मशीन चुकलं तर?’ असं दबक्या आवाजात विचारणारे बरेच असतात.

अमेरिकेतल्या १५ केंद्रांतला रेझर नावाचा अभ्यास २०१८ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. ३५० रुग्ण, निम्म्यांना रोबोट, निम्म्यांना ओपन (म्हणजे पोट उघडून), आणि कोणाला काय हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलेलं. दोन वर्षांनी कर्करोग न बळावता राहिलेले रोबोटमध्ये ७२.३ टक्के आणि ओपनमध्ये ७१.६ टक्के, म्हणजे कर्करोगाच्या दृष्टीने दोन्ही सारखेच. रक्त मात्र रोबोटमध्ये सुमारे ३०० मिलिलिटर गेलं, ओपनमध्ये ७००. वेळ उलटा: रोबोटला सात तासांहून थोडा जास्त, ओपनला सहा तास. आणि दवाखान्यातला मुक्काम? सहा दिवस विरुद्ध सात. एवढ्या गाजावाजानंतर फरक एका दिवसाचा. काही ना काही गुंतागुंत झालेले दोन्हीकडे तीनातले दोन.

असं का, याचं उत्तर अभ्यासाच्या आखणीत आहे. त्यात मूत्राशय रोबोटने काढलं, पण आतड्याचं काम चीर देऊन, आतडं बाहेर आणून, हातानेच केलं होतं. आतडं हवेत उघडं पडलं, हाताळलं गेलं, सुकलं. मग ते ओपनसारखंच रुसून बसलं यात नवल कसलं.

ब्रिटनमधल्या आयरॉक अभ्यासाने हेच बदललं. नऊ केंद्रं, ३३८ रुग्ण, आणि रोबोटच्या गटात आतडं जोडणं, मूत्रनलिका शिवणं, सगळं पोटाच्या आतच. २०२२ साली तो ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यांनी मोजलं ते रुग्णाच्या घरच्यांच्या कामाचं होतं: ९० दिवसांपैकी किती दिवस माणूस जिवंत आणि दवाखान्याबाहेर होता. रोबोटमध्ये ८२, ओपनमध्ये ८०. पुन्हा फरक दोनच दिवसांचा. पण त्याखालच्या ओळी वाचल्या की चित्र थोडं बदलतं. जखमेच्या तक्रारी ५.६ टक्के विरुद्ध १६ टक्के. रक्ताच्या गुठळ्या १.९ विरुद्ध ८.३. पाचव्या आठवड्यात रोबोटवाले जास्त हिंडते-फिरते होते, बारा आठवड्यांनंतर दोन्ही गट बरोबरीला आले.

यातून रुग्णाने सर्जनला विचारायचा प्रश्न निघतो, आणि तो ‘रोबोट आहे का’ हा नाही. विचारा: आतडं आतच जोडणार की बाहेर काढून? अशी किती ऑपरेशनं तुमच्या हातून झाली आहेत? ज्या सर्जनचा हात ओपनमध्ये बसलाय त्यांनी ते सहा तासांत नीट केलेलं, नव्याने शिकणाऱ्या हाताने दहा तास रोबोटवर केलेल्यापेक्षा आम्हाला वॉर्डात केव्हाही सोपं जातं. मूत्रनलिकेचा सांधा हा या ऑपरेशनचा सर्वांत नाजूक टाका आहे. तो ताणात बसला किंवा नलिकेचं रक्त तुटलं तर त्रास महिन्यांनी डोकं वर काढतो, त्याबद्दल शेवटी.

रोबोट सगळ्यांना मानवतोच असंही नाही. पोट कार्बन डायऑक्साइडने फुगवतात, दाब १२ ते १५ मिलिमीटर पाऱ्याइतका, आणि टेबल डोक्याकडे २५ ते ३० अंश खाली झुकवून रुग्णाला तसंच कित्येक तास ठेवतात. फुप्फुसं जुनाट विडीने थकलेली असतील, काचबिंदू असेल, हृदय अशक्त असेल तर भूलतज्ज्ञ आधीच हात वर करतात. पोटावर आधीची दोन-तीन ऑपरेशनं असतील तर आतडी चिकटलेली निघतात. ऑपरेशननंतर चेहरा, पापण्या सुजलेल्या दिसतात. ते बघून घरचे घाबरतात, पण डोकं उंच ठेवलं की एक-दोन दिवसांत सूज उतरते.

खर्चाचं बोलायला लोक लाजतात, म्हणून आम्हीच काढतो. गुजरातमध्ये आयुष्मान कार्डाची मर्यादा २०२३ पासून कुटुंबाला १० लाख आहे. पण कोणत्या दवाखान्यात, कोणत्या पॅकेजखाली, रोबोटचा वरचा खर्च धरून की सोडून, हे भरती व्हायच्या आधी लेखी विचारून घ्यावं. आमचं स्पष्ट मत: रोबोटसाठी सोनं गहाण टाकून पुढे महिन्याच्या पिशव्यांना पैसे उरणार नसतील, तर ओपन करा आणि वाचलेला पैसा पिशव्या, इंजेक्शनं आणि खाण्यावर घाला. आतड्याच्या आणि जखमेच्या दृष्टीने तो जास्त कामी येईल.

तयारी ऑपरेशनच्या महिनाभर आधी सुरू होते. बऱ्याच रुग्णांना आधी सिस्प्लॅटिनवर आधारलेली केमो असते, तीन-चार चक्रं, कारण त्याने जगण्याची शक्यता वाढते हे सिद्ध झालेलं आहे. त्या काळात माणूस खंगतो, आणि नेमका तोच काळ बळ भरून काढायचा. विडी-सिगारेट आजच बंद, निदान चार आठवडे आधी. मूत्राशयाच्या निम्म्या कर्करोगांमागे धूम्रपान असतं, हे ऐकूनही ‘मी फक्त मावा खातो’ म्हणून सुटका करून घेणारे असतातच. मावाही बंद. लघवीतून महिनोन्‌महिने रक्त गेलेलं असतं, त्यामुळे लोह तळाला गेलेलं. गोळ्यांना वेळ लागतो, म्हणून शिरेतून लोह देतात, तेही दोन ते चार आठवडे आधी दिलं तर उपयोग.

खाण्याचं गणित बडोद्याच्या शाकाहारी घरात अवघड जातं. दर किलो वजनामागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं हवीत, म्हणजे ६० किलोच्या माणसाला दिवसाला ७२ ते ९० ग्रॅम. वाटीभर वरणातून सहा-सात ग्रॅम मिळतात, पेलाभर दुधातून तेवढेच, १०० ग्रॅम पनीरमधून १८ च्या आसपास, ५० ग्रॅम सुक्या सोया वड्यांतून पंचवीसेक. वरण-भात-भाजी आणि शेवटी गोड कढी यातून ९० कधीच जमत नाहीत. जाणूनबुजून पनीर, सोया, सत्तू, चालत असेल तर अंडी आणावी लागतात. चातुर्मासात ऑपरेशन आलं तर एकादशी, श्रावणी सोमवार मोडायला आजी-आजोबा तयार नसतात. उपासाच्या दिवशी साबुदाण्याऐवजी दूध, पनीर आणि शेंगदाणे घ्या म्हटलं की तोडगा निघतो. रोज अर्धा तास चालणं: कमाटी बाग जवळ असेल तर सकाळी फेरी, नाहीतर सोसायटीतच.

तीन गोळ्यांचं (छोट्या प्लॅस्टिकच्या चेंडूंचं) श्वासाचं यंत्र आधीच घरी देतो, कारण ऑपरेशननंतर दुखत असताना शिकवून जमत नाही. दहातले निम्मे लोक ते फुंकतात. ‘काका, फुंकायचं नाही, ओढायचं,’ हे वाक्य आम्ही दिवसातून किती वेळा म्हणत असू त्याचा हिशोब नाही. सावकाश आत ओढा, गोळ्या वर दोन-तीन सेकंद धरा, सोडा. असं दर तासाला दहा वेळा.

आदल्या दिवशी स्टोमाची जागा ठरवतो. पुस्तकात ती बेंबी आणि उजव्या कमरेच्या हाडाला जोडणाऱ्या रेषेवर, पोटाच्या सरळ स्नायूमधून. पण पुस्तकातला माणूस पँट घालतो आणि खुर्चीवर बसतो. आपल्याकडे मांडी घालून बसल्यावर पोटाला कुठे घडी पडते, परकराची नाडी नेमकी कुठे बांधतात, नऊवारीचा ओचा कुठे येतो, लेंग्याची गाठ कुठे, हे बघावं लागतं. म्हणून झोपवून, खुर्चीवर बसवून, मांडी घालून, वाकवून आणि उभं करून खूण करतो. खूण रुग्णाला स्वतःला दिसली पाहिजे. पोट सुटलेलं असेल तर ती बेंबीच्या वर न्यावी लागते. घडीत आलेला स्टोमा म्हणजे आयुष्यभर गळणारी पिशवी, आणि तिथे सर्जनचं कितीही सुंदर काम मातीमोल होतं. निओब्लॅडर ठरलेल्यांनाही खूण करतो, कारण मूत्रमार्गाच्या कडेला कर्करोग सापडला तर बेत टेबलावरच बदलतो.

पूर्वी दोन दिवस आधीपासून जुलाबाचं औषध देऊन आतडं धुऊन काढायचे. लहान आतडं वापरताना त्याची गरज नाही, उलट माणूस कोरडा पडून टेबलावर जातो. आता घट्ट खाणं सहा तास आधीपर्यंत आणि पारदर्शक पातळ पेय दोन तास आधीपर्यंत चालतं, त्यात साखरेचं पेयही येतं. मधुमेह असेल तर ते डॉक्टर ठरवतील. चूक होते ती चहाची. ‘अर्धाच कप दिला होता’ म्हणून पहाटे दुधाचा चहा दिला की भूलतज्ज्ञांच्या लेखी ते जेवण, आणि यादीत पहिला असलेला रुग्ण शेवटी ढकलला जातो.

ऑपरेशनच्या आत आम्ही शिरत नाही. फक्त एवढंच, की सलाइनचा मारा केला की आतड्याच्या भिंती फुगतात, म्हणून द्रव मोजून देतात. आणि दुखणं दाबायला पाठीतून एपिड्युरल किंवा पोटाच्या भिंतीत बधिरतेचं इंजेक्शन देतात, म्हणजे मॉर्फिनच्या जातीची औषधं कमी लागतात. ती औषधं आतड्याला झोपवतात. ट्रॅमॅडॉलही त्यातलंच, हे बरेचदा विसरलं जातं. पायाभूत औषध पॅरासिटामॉल, ठरल्या वेळी, दुखायची वाट न बघता. डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन मागून घेऊ नका. सिस्प्लॅटिनने आधीच दमलेल्या मूत्रपिंडाला ते परवडत नाही.

मग सुरू होते ती वाट बघण्याची वेळ. ऑपरेशन छान झालेलं, रिपोर्ट चांगले, आणि पोट मात्र नगाऱ्यासारखं. डॉक्टर येऊन पहिला प्रश्न विचारतात, ‘वारा सरला का?’ आणि घरच्या सुनेला हसू आवरत नाही. पण हाच प्रश्न खरा. नाकातली नळी ऑपरेशन संपताना काढून टाकतात, वारा सरेपर्यंत ठेवत नाहीत. पहिल्या दिवशी घोटघोट पाणी, पातळ ताक, मुगाचं पाणी. पोट मऊ असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मऊ खिचडी. पहिल्या दिवशीच खुर्चीत बसवतो आणि खाटेपासून दारापर्यंत चालवतो, ड्रेन (पोटातलं पाणी बाहेर काढणारी नळी) आणि पिशव्यांचं लटांबर सांभाळत. बिनसाखरेचं च्युइंगम दिवसातून तीन-चार वेळा, १०-१५ मिनिटं. चघळलं की पोटाला वाटतं जेवण येतंय, आणि ते हालचाल सुरू करतं. दातांची कवळी असणाऱ्यांना जमत नाही. मुखवास चालेल का असं विचारतात. नाही, कारण तो गिळला जातो, आणि च्युइंगममध्ये गिळायचं काहीच नसतं.

तिसऱ्या ते पाचव्या दिवशी पोट फुगलं, उचकी लागली, हिरवी उलटी झाली तर आतडं थांबलंय असं धरतात. तेव्हा खाणं बंद, नाकातून नळी परत, आणि रक्तातलं पोटॅशियम व मॅग्नेशियम तपासतात, कारण ते घसरलं की आतडं हलतच नाही. हे दोन-तीन दिवस रोबोटवाल्यालाही येतात आणि ओपनवाल्यालाही. ‘एवढे पैसे भरून पण?’ हा घरच्यांचा त्रागा आम्हाला समजतो, पण आतड्याला बिल दाखवून उपयोग नाही. नातेवाइकांनी या काळात करू नये ती गोष्ट म्हणजे डब्यातून गुपचूप खाऊ घालणं. ताप, पोट लाकडासारखं कडक, नाडी १२० च्या वर असं दिसलं तर सांधा फुटल्याची शंका घेऊन सीटी स्कॅन होतो.

ड्रेनमधून बरेच दिवस पाणी येत राहिलं तर ती लघवी आहे की लसिका (लसिकाग्रंथी काढल्या तिथून पाझरणारं पाणी), हे डोळ्यांनी कळत नाही. त्या पाण्यातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंड लघवीतून बाहेर टाकतं तो टाकाऊ घटक) मोजतात. रक्तातल्याइतकंच आलं तर लसिका किंवा पोटातलं पाणी, कित्येक पट आलं तर लघवी गळतेय. स्टोमातून दोन बारीक नळ्या बाहेर आलेल्या असतात, प्रत्येक मूत्रनलिकेतून एक, पिशवीतच सोडलेल्या. दहा ते चौदा दिवसांनी त्या काढतात. एखादीतून लघवी थांबली तर बहुधा आतड्याचा चिकट स्राव अडकलेला असतो. ते वॉर्डात सोडवायचं काम, घरी ओढाताण करायची नाही.

आता पिशवी. स्टोमा लाल, ओला, गालाच्या आतल्या कातडीसारखा असतो. त्याला दुखत नाही, पुसताना थेंबभर रक्त आलं तरी घाबरायचं कारण नाही. तो जांभळा-काळा पडला तर मात्र तासाभरात फोन. पिशवी बदलायची वेळ सकाळची, चहापाण्याआधी, कारण तेव्हा लघवी कमी येते. स्टोमाच्या तोंडावर कापसाची नाही, गॉजची वळकटी धरायची, म्हणजे कातडी कोरडी राहते. कातडी नुसत्या पाण्याने पुसायची. डेटॉल नको, सुगंधी साबण नको, पावडर नको, आणि खोबरेल तेल तर मुळीच नको. प्रेमाने तेल लावलेल्या कातडीवर फ्लँज, म्हणजे पिशवी धरणारी चिकट चकती, अर्धा दिवसही टिकत नाही. केस कात्रीने कापायचे, वस्तरा फिरवायचा नाही. फ्लँजचं भोक स्टोमापेक्षा साधारण दोन मिलिमीटर मोठं. त्याहून मोठं ठेवलं की उघड्या कातडीवर लघवी साचून ती भाजल्यासारखी होते, घट्ट केलं की स्टोमा कापला जातो. पहिले सहा ते आठ आठवडे स्टोमा आक्रसत जातो, म्हणून दर वेळी नव्याने मोजायचं. दवाखान्यात कापलेल्या मापाने तीन महिने कापत बसणारे लोक हमखास गळतीची तक्रार घेऊन येतात. फ्लँज तळव्यांत मिनिटभर गरम करायची, चिकटवल्यावर हात ठेवून दोन मिनिटं दाबायची.

एक फ्लँज तीन ते पाच दिवस चालते, म्हणजे महिन्याला सहा ते दहा. बडोद्याच्या मे महिन्यात घामाने तीन दिवसांवर येते, तेव्हा थोडा साठा जास्त ठेवायचा, पण स्कूटरच्या डिकीत नाही. उन्हात चिकट थर वितळतो. मेडिकलवाल्याकडे नुसती ‘स्टोमाची पिशवी’ मागितली की तो शौचाची पिशवी देतो. लघवीच्या पिशवीला खाली तोटी असते आणि लघवी उलटी वर चढू नये म्हणून आत झडप असते. या दोन गोष्टी बघूनच पैसे द्या. पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करायची, कारण वजनाने फ्लँज ओढली जाते. रात्री दोन लिटरची मोठी पिशवी जोडतात. जोडताना आधीच्या पिशवीत थोडी लघवी राहू द्या, नाहीतर पोकळी होऊन नळी चिकटते आणि पहाटे अंथरूण ओलं. सकाळी ती एक भाग पांढरं व्हिनेगर, तीन भाग पाणी याने धुवायची.

पूजेला बसलं तर चालेल का, हे आमच्याकडे जवळजवळ प्रत्येक मराठी घरातून विचारतात, कोणी उघड, कोणी आडून. पिशवी बंद आहे, गळत नाही, वास येत नाही. आम्ही त्यांना गणपतीसमोर मांडी घालून बसायला सांगतो, कारण खूण त्यासाठीच केली होती.

निओब्लॅडरवाल्यांचा रस्ता वेगळा. मूत्रपिंड चांगलं हवं, गरज पडली तर स्वतः नळी घालायची तयारी हवी, आणि चिकाटी हवी. सुरुवातीला सहा-आठ तासांनी ५० ते १०० मिलिलिटर सलाइनने आतला स्राव धुवावा लागतो, नाहीतर कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, तुंबतं. दोन-तीन आठवड्यांनी एक्स-रेवर गळती नाही हे बघून कॅथेटर निघतं. मग दर दोन तासांनी, घड्याळ लावून, बसून, पोटाने दाब देऊन लघवी. नव्या मूत्राशयाला ‘लागली’ असं कळत नाही. हळूहळू तीन, मग चार तास, आणि ४०० ते ५०० मिलिलिटरच्या पुढे ताणू द्यायचं नाही. रात्रीची गळती महिनोन्‌महिने राहते. सुरुवातीच्या आठवड्यांत आतड्याच्या या मूत्राशयातून मीठ शरीराबाहेर जातं, म्हणून पाणी आणि मीठ दोन्ही पुरेसं लागतं. बीपीमुळे वर्षानुवर्षं अळणी खाणाऱ्या घरात हा सल्ला पचत नाही. डॉक्टरांसमोर तो विषय काढून, रक्त तपासून ठरवा.

घरी गेल्यावर रक्त पातळ करणारी इंजेक्शनं असतात, बहुधा एनॉक्सापॅरिन ४० मिलिग्रॅम, ऑपरेशनपासून चार आठवडे. क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर डोस बदलतो. ओपनमध्ये गुठळ्या जास्त दिसल्या, हे वरचे आकडे आठवा. घरच्यांना कंटाळा येतो आणि बाराव्या दिवशी ‘आता चालतायत ना’ म्हणून बंद करतात. चालणाऱ्यालाही गुठळी होते. मांडीवर, चिमटीत कातडी धरून सरळ टोचायचं आणि नंतर चोळायचं नाही. एका पोटरीला सूज, अचानक धाप, थंडी वाजून ताप, दोन-तीन तास पिशवी कोरडी, सतत उलटी: यातलं काहीही झालं तर सकाळची वाट बघू नका. सहा आठवडे चार-पाच किलोच्या वर उचलायचं नाही, दुचाकी नाही. गॅस सिलिंडर सरकवायचाही नाही, कारण स्टोमाभोवती हर्निया होतो तो असाच.

एक चूक डॉक्टरांकडूनही होते. कॉन्ड्यूटच्या लघवीत जंतू असतातच, कारण ते आतडं आहे. पिशवीच्या तोटीतून नमुना घेऊन कल्चर केलं की जंतू दिसणार, आणि मग बिनकामाची अँटिबायोटिक. ताप, कंबरदुखी नसेल तर तपासणी नको. असेल तर नमुना स्टोमातून नवी निर्जंतुक नळी घालून घ्यायचा. लघवीत पांढरे तंतू दिसतात तो स्राव, पू नाही.

थकवा, अन्नावरची वासना जाणं, जोरात श्वास, हे नुसतं अशक्तपणावर ढकलू नका. आतडं लघवीतलं आम्ल परत शोषून घेतं आणि रक्त आम्ल होतं. रक्तातलं बायकार्बोनेट तपासलं की कळतं, आणि सोडामिंटच्या गोळ्यांनी माणूस चार दिवसांत टवटवीत होतो. बी-१२ ची तपासणी वर्षातून एकदा.

तिसऱ्या महिन्यात सोनोग्राफी आणि क्रिएटिनिन असतं, आणि नेमकी हीच भेट लोक चुकवतात, कारण तोवर बरं वाटत असतं. डावी मूत्रनलिका मोठ्या आतड्याच्या मागून वळवून उजवीकडे आणलेली असते. तिचा रस्ता लांबचा, रक्त तोकडं, म्हणून सांधा आवळतो तो बहुधा डावीकडचा. मूत्रपिंड हळूहळू सुजतं आणि दुखत नाही. वेळेवर सापडलं तर नळी घालून, फुगा फुगवून किंवा पुन्हा टाके घालून ते वाचतं. तपासणीला जाताना, गाव बडोद्यातलंच असो की भरूच-गोध्र्याहून यायचं असो, एक कापलेली फ्लँज, दोन पिशव्या, गॉज आणि एक जास्तीचा लेंगा सोबत ठेवा. सोनोग्राफीवाला जेल लावून फ्लँज सोडवतोच.